एक शिट्टी थांबा, दोन शिट्ट्या चला

त्यांचा उजवा हात कायम खिशात असायचा आणि खिशातून टक-टक असा आवाज यायचा. समोरचा बोलत असला की टक-टक. विचार करत असले की टक-टक. एखादा बाप जवळ येऊन “मास्तर, आमच्या पोराला जरा पुढे खेळवा ना” म्हणाला की आवाज एकदम बंद. आवाज बंद झाला की समजायचं, आता उत्तर येणार. उत्तर ठरलेलं होतं.

“तां चलाचा नाय.”

तो आवाज तिकिटाला भोक पाडायच्या पंचाचा. ज्यांनी कागदी तिकिटांच्या काळात बसने प्रवास केलाय त्यांनी तो ऐकला असेल. गर्दीत कंडक्टर दिसायच्या आधी त्यांचा पंच ऐकू यायचा. आमचे मास्तर तेहतीस वर्षं कंडक्टर होते. निवृत्त होताना पंच डेपोत जमा करावा लागला, तर त्यांनी कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून तसाच दुसरा शोधून आणला. “हात रिकामो रवलो तर झोप येणा नाय गो,” म्हणायचे.

मुंबईत बसच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून आम्हीही मास्तर म्हणायचो. त्यांचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. कंडक्टरचं नाव लोक फक्त तक्रार लिहायची असली की विचारतात, असं तेच सांगायचे. माझी काही तक्रार नाही.

तर हे मास्तर आमच्या घाटकोपरच्या टेकडीखालच्या मैदानात दर रविवारी सकाळी लहान मुलांची फुटबॉलची लीग चालवायचे. मुलं लीग म्हणायची. मास्तर ‘फेरी’ म्हणायचे. आठ ते बारा वयाची मुलं-मुली, चार टीम, एका टीममध्ये दहा जण, मैदानात एका वेळी सात. मास्तर स्वतः आयुष्यात कधी फुटबॉल खेळले नव्हते. हे त्यांनी कधी लपवलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, “मी बस पण चालवली नाही. पण माझ्या घंटीशिवाय ड्रायव्हर हलला का कधी?”

टीम पाडायच्या त्या चिठ्ठ्या उचलून. कोणाचाही बाप काही करू शकायचा नाही. टीमची नावंही बसचीच, दुमजली, लिमिटेड, मिनी आणि शेवटची बस. सगळ्यांना दुमजली हवी असायची. शेवटची बस कोणालाच नको. चिठ्ठी उघडून ‘शेवटची बस’ वाचलं की मुलं रडकुंडीला यायची. मास्तर त्यांना समजवायचे, “अरे मेल्या, शेवटच्या बसची किंमत तुला काय ठाऊक? थांब्यावर उभा राहिलेला माणूस तिच्यासाठी देवाला हात जोडतो.” मुलांना ते पटायचं नाही. त्यांना दुमजलीच हवी.

लीगमध्ये यायला फी नव्हती. फी होती एक बादली दगड. आमचं मैदान म्हणजे मैदान म्हणायचं इतकंच, पाय घसरला की गुडघ्याची साल निघायची. म्हणून ज्याला खेळायचं त्याने आधीच्या आठवड्यात येऊन मैदानातले दगड वेचायचे, एक बादली भरून मास्तरांना दाखवायची, आणि कुंपणाजवळ ओतायची. मोटारीतून येणाऱ्या मुलालाही बादली, आमच्या चाळीतल्या मुलालाही बादली. एकदा एका मुलाच्या वतीने त्यांचा ड्रायव्हर दगड वेचायला लागला. मास्तरांनी त्याला शांतपणे सांगितलं, “छान वेचता तुम्ही. आता रविवारी बूट घालून या, तुमचं नाव लिहिलं.” ड्रायव्हर बिचारा हसत सुटला. मागून मुलगा खाली उतरला आणि त्याने बादली घेतली.

आमच्या सायलीने दोन बादल्या वेचल्या होत्या. एकच लागते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. मला विचारायला जमत नाही.

सायली तेव्हा नऊ वर्षांची होती. अंगाने जाड. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला पळवा. तिचे बाबा रविवारी ड्युटीवर असतात, म्हणून मी तिला घेऊन मैदानात जायला लागले. मी चार घरच्या पोळ्या करते, रविवारी सकाळी मोकळी असते. बाकीच्या आया घोळका करून बसायच्या. मी नळाच्या भिंतीमागे उभी राहायची. तिथून खेळ दिसतो आणि आपण कोणाला दिसत नाही.

मास्तरांना मी दिसले.

झालं असं की एका रविवारी त्यांचं घड्याळ बंद पडलं. त्यांच्या खेळात दहा-दहा मिनिटांचे चार भाग असायचे, त्यांना ते ‘थांबे’ म्हणायचे. पहिला थांबा, दुसरा थांबा. घड्याळ कानाला लावून ते भिंतीजवळ उभे होते आणि मी मनातल्या मनात बोलावं तसं बोलून गेले, “झाली दहा मिनिटं.” त्यांनी कोणाचा तरी मोबाइल पाहिला. दहाच झाली होती.

“कसं कळलं गो तुला?”

“एवढ्या वेळात बारा पोळ्या होतात,” मी म्हटलं.

टक-टक. टक-टक. मग आवाज बंद. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्या हातात एक पत्र्याची पेटी, एक घड्याळ आणि लाल दोऱ्यातली शिट्टी दिली. मी नको नको म्हणत होते, पण तोंडातल्या तोंडात. त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही.

पेटी म्हणजे त्यांची जुनी तिकिटांची पेटी. तिच्यात मुलांची कार्डं. लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूला मास्तर प्रत्येक मुलाचं नाव लिहायचे आणि चार चौकोन आखायचे. चार थांब्यांचे चार चौकोन. ज्या थांब्याला मूल खेळलं, त्या चौकोनात पंच मारून भोक पाडायचं. रविवार संपताना प्रत्येक कार्डावर कमीत कमी दोन भोकं पाहिजेतच. मूल कितीही कच्चं असो, टीम कितीही हरत असो, दोन भोकं. मास्तरांच्या लीगचा हा पहिला नियम. दर थांब्याच्या सुरुवातीला ते मला विचारायचे, “कोण बाकी?” मी कार्डं बघून नावं सांगायची. मग दोन शिट्ट्या.

दोन शिट्ट्यांचं सांगायचं राहिलं. बसमध्ये दोरी एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. मास्तरांनी तेच मैदानात आणलं. एक शिट्टी वाजली की जो जिथे असेल तिथे उभा. दोन वाजल्या की खेळ सुरू. आमच्या मुलांच्या ते इतकं हाडात गेलं की एकदा वाट लागली. ट्रॉम्बेच्या बाजूला दुसऱ्या कोणाची स्पर्धा होती, तिथे आमची सात चांगली खेळणारी पोरं निवडून मास्तर एक टीम घेऊन गेले. तिथल्या रेफरीने एक शिट्टी मारली. समोरची टीम धावत सुटली. आमची सातच्या सात पोरं पुतळ्यासारखी उभी! दुसरी शिट्टी वाजायची वाट बघत. समोरच्या मुलाने बॉल आरामात आणून गोलमध्ये ठेवला. आमचा गोलकीपर त्याला म्हणतो, “अरे, अजून बस सुटली नाही.”

मास्तर हसून हसून खाली बसले. परत आल्यावर नियमांच्या फळ्यावर त्यांनी एक ओळ वाढवली: ‘बाहेर एक शिट्टी म्हणजे चालू. घरी आल्यावर विसरणे.’

तो फळा नळाच्या भिंतीवर टांगलेला असायचा. त्यावर नियम लिहायच्या आधी मास्तर मला वाचून दाखवायचे. का, ते ऐका. पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, किती शिकलीस. मी म्हटलं, चौथी. मला वाटलं आता पेटी परत घेतील. ते म्हणाले, “झकास. चौथीवाल्याला एकदा वाचून कळला तर तो नियम. नाही कळला तर ते भांडण.”

तेव्हापासून तसंच. नवीन नियम कागदावर लिहून आणायचे, वाचायचे, आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. मी मान हलवली की फळ्यावर. नाही हलवली की कागद खिशात. ऑफसाइडचं असंच झालं. नळाच्या कट्ट्यावर चहाचे ग्लास मांडून त्यांनी मला ऑफसाइड समजावला. हा ग्लास पुढे, हा मागे, बॉल इथून निघाला तेव्हा हा कुठे होता. तीनदा समजावला. चहा गार झाला. मी खरं ते सांगितलं, “नाही कळलं.”

त्यांनी ग्लासांकडे बघितलं. टक-टक. “मलाही नाही कळला गो,” म्हणाले आणि फळ्यावर लिहिलं, ‘आमच्यात ऑफसाइड नाही.’ कितीतरी बापांना ते आवडलं नाही. “बाईंमुळे ऑफसाइड गेला,” असं ते मला ऐकू येईल असं बोलायचे. मी नळाकडे तोंड करायची.

बापांसाठी वेगळा नियम होता. आई-बापांनी चुन्याच्या रेघेमागे बसायचं आणि तोंडातून फक्त दोन गोष्टी काढायच्या: ‘शाब्बास’ आणि ‘पाणी पी’. तिसरा शब्द आला की पाच मिनिटं डेपोत. डेपो म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा बाक. मुलगा असो, बाप असो, नियम मोडला की पाच मिनिटं डेपोत, आणि तिथे बसून बोलायचं नाही.

पण माणसं कशी असतात बघा. साकीनाक्याला ज्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे ते दळवी शेवटच्या बसची टीम सांभाळायचे. त्यांनी त्या दोन शब्दांतच सगळी भाषा बसवली. लांबट ‘शाब्बाऽऽस’ म्हणजे मागे ये. तुटक ‘शाब्बास!’ म्हणजे मार. आणि ‘पाणी पी’ म्हणजे बॉल डावीकडे दे. समोरच्या टीमला सुरुवातीला कळायचंच नाही. मास्तरांना कळलं, पण त्यांनी काही केलं नाही. “शब्द दोनच आहेत ना? मग ठीक,” म्हणाले. “नियमात राहून डोकं चालवलं तर चालवू दे.”

माझं कामही हळूहळू बरं चाललं होतं. फक्त शिट्टी. दहा मिनिटं झाली की मी एक शिट्टी वाजवायची, एवढंच. पण ती माझ्याने जोरात वाजायची नाही. सगळे बघतील या भीतीने मी इतकी हळू फुंकायची की मुलं म्हणायची, “काकू, कुकर झाला का?” मास्तर माझ्याकडे बघून मग स्वतः मोठी शिट्टी मारायचे. दोन वर्षं असंच चाललं. त्यांनी एकदाही ‘जोरात वाजव’ म्हटलं नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी चिठ्ठीत सायलीला शेवटची बस आली. दोन वर्षांत ती बारीक झाली नव्हती, पण दम टिकायला लागला होता. बॉलची मात्र भीती गेली नव्हती. बॉल आला की डोळे मिटायची. तिची दोन भोकं ती इमानाने खेळायची. टीममधली मुलं कुरकुर करायची, पण नियम तो नियम.

आणि त्या वर्षी शेवटची बस पहिल्यांदा फायनलला गेली. समोर दुमजली.

फायनलला टेकडीवरून माणसं उतरली. रेघेमागे दाटी झाली. मास्तरांचं त्या दिवशी काहीतरी वेगळं होतं, ते मला आत्ता कळतं. त्यांनी नोकरीत कितीतरी वर्षं शेवटच्या बसवर काढली होती. रेफरी म्हणून ते कोणाची बाजू घ्यायचे नाहीत, पण शेवटच्या बसने पहिला गोल मारला तेव्हा खिशातला पंच नुसता टकटकटकटक वाजत होता.

पहिल्या दोन थांब्यांत सायली बाहेर होती. त्यात गैर नव्हतं, तिसरा आणि चौथा थांबा तिचा. दुसरा थांबा संपला तेव्हा शेवटची बस दोन, दुमजली एक. मुलं पाणी पीत होती. सायली बुटाच्या नाड्या बांधून रेघेवर उभी होती.

दळवी माझ्याजवळ आले. वाकून, हळू आवाजात बोलले. वाईट माणूस नाहीत ते.

“ताई, एक विनंती. सायलीला चौथ्यात घेतो ना शेवटची पाच मिनिटं. फायनल आहे. पोरं वर्षभर मेहनत करतायत. दोनाच्या जागी एक भोक, कोण बघतंय? तुमचीच पोरगी आहे, ती समजून घेईल.”

मी “हं” म्हटलं. ते हो नव्हतं. मला नाही म्हणता येत नाही तेव्हा मी हं म्हणते. दळवींनी ते हो धरलं आणि गेले.

मला वाटलं, आता मास्तर विचारतीलच ‘कोण बाकी?’ मग मी नाव सांगेन, संपलं. मी सायलीचं कार्ड वर काढून ठेवलं. पण कुणीतरी मास्तरांना हाक मारली, कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, मुलं आपणहोऊन मैदानात धावली, आणि मास्तरांनी माझ्याकडे न बघता दोन शिट्ट्या मारल्या. खेळ सुरू झाला.

सायलीने माझ्याकडे बघितलं. रेघेवरून एक पाऊल मागे सरली, आपली जागा चुकली असेल अशी.

हातात कार्ड होतं, चारही चौकोन कोरे. मागच्या बाजूला कोणाच्या तरी लग्नाचं ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’. गळ्यात शिट्टी होती. ती वाजवली तर सगळे म्हणणार, स्वतःच्या मुलीसाठी वाजवली, फायनल थांबवली. शेजारच्या चाळीतल्या बायका बसल्या होत्या, रोज नळावर भेटतात त्या. नाही वाजवली तर सायलीची दोन भोकं जाणार. आणि ती घरी येऊन मला काही विचारणारही नाही, माझ्यासारखीच आहे. ते जास्त वाईट.

मग मला एक साधी गोष्ट सुचली. हे कार्ड दुसऱ्या कोणाच्या मुलीचं असतं तर मी काय केलं असतं? हळू का होईना, पण केव्हाच वाजवली असती. मग माझ्या मुलीने काय पाप केलं?

मी शिट्टी वाजवली. दोन वर्षांत कधी वाजली नाही अशी वाजली. माझेच कान बसले.

एक शिट्टी म्हणजे थांबा. सगळं मैदान जागच्या जागी उभं. आणि नेमकं तेव्हाच शेवटच्या बसचा एक मुलगा दुमजलीच्या गोलपुढे एकटा बॉल घेऊन पोचला होता. नुसता पाय लावायचा बाकी होता. तोही एका पायावर उभा राहिला, रडवेल्या तोंडाने.

“अहो ताई!” दळवी ओरडले. “गोल होता तो! काय वेड लागलंय का?”

ना शाब्बास, ना पाणी पी. मास्तरांनी बोट नुसतं डेपोकडे केलं. मग ते मैदान ओलांडून माझ्याकडे आले. मला वाटलं आता मला रडू येणार.

“काय झालं, बाय?”

मी कार्ड पुढे केलं.

त्यांनी ते हातात घेतलं, पुढून बघितलं, मागून बघितलं. खिशातला आवाज बंद झाला होता. मग वळून मुलांना म्हणाले, “चूक माझी. ‘कोण बाकी’ विचारलं नाही मी. नियम मोडला की काय?”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

“काय रे? मोडला की काय?”

“पाच मिनिटं डेपोत,” एक मुलगी हळूच म्हणाली. “पण मास्तर, तुम्ही तर रेफरी...”

“मग? फळ्यावर लिहिलंय का, मास्तर सोडून?” त्यांनी सायलीला हाताला धरून मैदानात आत आणलं, एका मुलाला बाहेर घेतलं, आणि मला म्हणाले, “पाच मिनिटं बस तुझी.”

आणि सरळ जाऊन दळवींच्या शेजारी बाकावर बसले. हाताची घडी घालून. दोघंही गप्प, कारण डेपोत बोलायचं नाही.

मी मैदानाच्या मधोमध. मी तिथे आधी कधी उभी राहिले नव्हते. वरून मेट्रो गेली तर मला वाटलं तीही बघतेय. पदर खोचला आणि दोन शिट्ट्या मारल्या. चला.

पाच मिनिटांत किती पोळ्या होतात? सहा. मी मनात पोळ्या लाटत होते. चार झाल्या असतील तेव्हा दुमजलीच्या मुलाने बॉल जोरात मारला आणि तो सायलीच्या तोंडावर आला. तिने या वेळी डोळे मिटले नाहीत. तिने दोन्ही हात पुढे केले आणि बॉल धरला. घट्ट, पोटाशी, घागर धरावी तसा. स्वतःच्या गोलसमोर.

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. दळवी बाकावरून अर्धे उठले. मास्तर बसून राहिले.

हात लागला की शिट्टी, हे मला ऑफसाइडसारखं कठीण नव्हतं. मी वाजवली. जोरात.

“आई!” सायली म्हणाली. इतकी चिडून तिने मला आयुष्यात कधी हाक मारली नव्हती.

“हात लागला,” मी म्हटलं. एवढंच. पण मोठ्याने.

दुमजलीला फ्री किक मिळाली आणि गोल झाला. दोन-दोन. रेघेमागे कोणीतरी पाहुणा ओरडला, “ऑफसाइड, ऑफसाइड!” तर दोन्ही टीमची मुलं एका आवाजात म्हणाली, “आमच्यात नसतो!”

पुढे कोणाचाच गोल झाला नाही. पाच मिनिटांनी मास्तर आले, पण शिट्टी वाजवायला पुढे झाले नाहीत, नुसते बाजूला उभे राहून तिसरा थांबा मला पुरा करू दिला. चौथ्या थांब्यात सायलीच्या पायाला बॉल तीनदा लागला. मी मोजलं. एकदा तर तिने तो कोणाला तरी दिलासुद्धा. दळवींच्या तोंडून आपोआप ‘शाब्बास’ निघालं, आणि त्यात दुसरा काही अर्थ नव्हता.

जिंकणारी टीम मैदानातली पितळी घंटा वाजवायची. बरोबरी झाल्यावर काय करायचं हे फळ्यावर नव्हतं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “सगळ्यांनीच वाजवू द्या.” वीस मुलांनी मिळून दोरी ओढली आणि ती तुटली. घंटा खाली पडली, दगड नव्हते म्हणून चेपली नाही.

सायली घरापर्यंत माझ्याशी बोलली नाही. हातपाय धुताना म्हणाली, “दुसऱ्या कोणी धरला असता तरी वाजवली असतीस?”

“तुझ्याआधी वाजवली असती.”

तिने थोडा विचार केला. “मग ठीक आहे.” आणि दोन भोकांचं कार्ड आरशाच्या चौकटीत खोचलं. अजून आहे.

पुढच्या रविवारी मास्तर नवीन नियमाचा कागद घेऊन आले आणि वाचला: ‘मास्तर चुकले तर वेळ बघणाऱ्याने शिट्टी वाजवावी.’ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी मान हलवली नाही.

“नाही कळलं?”

“कळलं. पण ‘जोरात’ घाला.”

टक-टक. ते हसले. फळ्यावर ‘शिट्टी जोरात वाजवावी’ असं लिहिलं, आणि जोरात हा शब्द बाकीच्यांपेक्षा मोठा काढला.

त्यानंतर वर्षभराने ते गावी गेले. देवगडच्या बाजूला त्यांचे थोरले भाऊ एकटे असतात, त्यांना आता जेवण करून घ्यायला जमत नाही. “माझी ड्युटी तिकडे लागली,” म्हणाले. जाताना त्यांनी फळा दिला, घड्याळ आणि पत्र्याची पेटी तर माझ्याकडेच होती. शेवटी खिशातून पंच काढला. माझ्या हातावर ठेवायला म्हणून पुढे केला, एकदा वाजवला, आणि परत खिशात टाकला.

“ह्यो रवांदे माझ्याकडे,” म्हणाले. जरा लाजल्यासारखे.

आता कार्डाला भोकं मी सायलीच्या शाळेच्या पंचिंग मशीनने पाडते. आवाज तसा येत नाही. बाकी सगळं तेच आहे. दगड अजून निघतात, कुठून येतात देव जाणे. दळवी आता मिनी सांभाळतात आणि त्यांच्या ‘पाणी पी’चा अर्थ सगळ्यांना कळतो, म्हणून त्यांनी तो बदललाय. सायली बारा पुरी झाली, ती माझ्या जागी घड्याळ आणि पेटी घेऊन बसते. नळाच्या भिंतीमागे नाही, पुढे.

रविवारी साडेसातला माझा फोन वाजतो. मास्तर “कोण बाकी?” विचारतात. मी नावं सांगते. त्यापुढे मला फोनवर काय बोलायचं ते सुचत नाही, आणि त्यांनाही सुचत नसावं. म्हणून मी फोन मैदानाकडे धरते आणि दोन शिट्ट्या मारते. मुलं धावत सुटतात.

मग फोन कानाला लावते. पलीकडून टक-टक येतं.